मॉरिशसचा रुपया, सेशेल्सचा रुपया: जुन्या वहीतल्या रकमेचा त्या काळचा दर कसा काढायचा

हे लिहायला घेतलं त्याचं कारण एक निळ्या पुठ्ठ्याची शाळकरी वही. मॉरिशसला ओळखीच्या एक ताई आहेत, चार पिढ्यांपूर्वी कोकणातून तिकडे ऊसमळ्यात गेलेल्या घरातल्या, मराठी अजून बऱ्यापैकी बोलतात. त्यांचे वडील सुतार. सेशेल्समध्ये विमानतळ झाला, हॉटेलांची बांधकामं निघाली, तेव्हा ते माहे बेटावर कामाला गेले आणि दहा-अकरा वर्षं तिथेच राहिले. वहीत हिशोब आहे, मिळाले किती, खर्च किती, घरी पाठवले किती. ताईंनी व्हिडिओ कॉलवर वही कॅमेऱ्यासमोर धरली आणि विचारलं, "दादा, हे दोनशे म्हणजे आमच्याकडचे किती झाले असतील?" मी म्हटलं दहा मिनिटांचं काम आहे, सांगतो.

तीन आठवडे लागले. कारण या दोन चलनांचा आपसातला जुना दर कुठे छापलेला मिळतच नाही, ऑनलाइन कन्व्हर्टर फार तर नव्वदच्या दशकापर्यंत मागे जातात आणि त्याआधीचं सगळं आपल्यालाच जोडून काढावं लागतं. तुमच्यावर अशी वेळ आली तर माझे तीन आठवडे वाचवा.

काय काय लागेल

- मूळ वही, पासबुक, पावती, पत्र, जे असेल ते. फोटो चालेल पण तारीख आणि ठिकाण दिसलं पाहिजे.
- एक्सेल किंवा साधा कॅल्क्युलेटर आणि एक कोरी वही.
- आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची महिन्यावार विनिमय दरांची आकडेवारी, आणि जागतिक बँकेची वर्षावार. दोन्ही फुकट बघता येतात. जागतिक बँकेची १९६० पासून आहे.
- बँक ऑफ मॉरिशस आणि सेंट्रल बँक ऑफ सेशेल्सचे वार्षिक अहवाल. पहिली १९६७ मध्ये सुरू झाली, दुसरी त्या नावाने १९८३ मध्ये.
- स्वातंत्र्याच्या आधीचं काही असेल तर ब्रिटिश वसाहतींचे वार्षिक अहवाल. त्यात चलन आणि बँकांवर वेगळं प्रकरण असतं, बरेचसे स्कॅन होऊन ऑनलाइन आलेत.
- पाउंड आणि डॉलरचा जुना दर. हा कुठेही मिळतो.

१. आधी रुपया कुणाचा ते ठरवा

हसू नका, पहिली चूक माझी इथेच झाली. वहीत नुसतं रु. लिहिलंय. हिंदी महासागराच्या या पट्ट्यात भारताचा रुपया, मॉरिशसचा रुपया आणि सेशेल्सचा रुपया, तिन्ही रुपयेच. लिहिणाऱ्याला आपण कुठे आहोत हे माहीत असतं त्यामुळे तो देशाचं नाव कशाला लिहील. म्हणून नोंद कुठे बसून केली आणि पैसे कुठे दिले-घेतले ते बघायचं. "घरी पाठवले २००" याचा अर्थ माहेवरून सेशेल्सचे २०० निघाले असा होतो, आणि "घरी पोचले" असं लिहिलं असेल तर तो आकडा मॉरिशसच्या रुपयांत असणार.

मुळात हे वेगळे झाले कधी? मॉरिशसने १८७६-७७ मध्ये रुपया घेतला, भारताच्याच मापाचा. सेशेल्स १९०३ पर्यंत मॉरिशसच्याच कारभाराखाली होतं, तिथेही तोच रुपया चालायचा. १९१४ मध्ये सेशेल्सच्या स्वतःच्या नोटा आल्या, पण किंमत मॉरिशसच्या रुपयाइतकीच. नाव आणि नोट वेगळी झाली, दर मात्र पुढे साठ वर्षं एकास एकच.

२. आकडे फ्रेंच पद्धतीने लिहिलेत का बघा

मॉरिशस आणि सेशेल्समध्ये लिखाणावर फ्रेंच वळण आहे. वहीतल्या "१२५,५०" ला मी आपल्या सवयीने बारा हजार पाचशे पन्नास समजलो आणि सुताराचा पगार बघून गार पडलो. फ्रेंच पद्धतीत स्वल्पविराम म्हणजे आपला दशांश बिंदू. ते एकशे पंचवीस रुपये पन्नास सेंट होते. बिंदू आणि स्वल्पविराम दोन्ही असतील तर शेवटचा कुठला आहे तो बघा.

महिने फ्रेंचमध्ये असतील तर जून आणि जुलैची पहिली तीन अक्षरं एकच, त्यामुळे तीन अक्षरी नोंदीवर विश्वास ठेवू नका, आधीची आणि नंतरची नोंद बघून ठरवा. हातच्या फ्रेंच आकड्यांत १ ला एवढी लांब शेपटी असते की तो ७ वाटतो, खरा ७ असेल तर त्याला मधे आडवी रेघ असते. १९७१ चं १९७७ झालं की तुमचा दर पार दुसऱ्या जमान्यात जातो.

आणि भारतातल्या कुणाची जुनी वही शेजारी ठेवून ताळा बघणार असाल तर आणखी एक. मॉरिशसच्या रुपयाचे पहिल्यापासून १०० सेंट. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ पर्यंत सोळा आणे. म्हणजे आपल्या आजोबांच्या वहीतलं "३-१२-०" म्हणजे पावणेचार रुपये, आणि मॉरिशसच्या वहीतलं ३.१२ म्हणजे तीन रुपये बारा सेंट.

३. तारीख कुठल्या कप्प्यात पडते ते शोधा

सगळ्या कामाचं मर्म इथे आहे. दर शोधत बसण्याआधी त्या तारखेला कुठलं चलन कशाला बांधलेलं होतं ते शोधा, म्हणजे निम्म्या नोंदींना आकडेवारी बघायचीसुद्धा गरज पडत नाही. मी उलटं केलं, आधी आकडे डाउनलोड केले आणि मग हा आकडा असा का म्हणून डोकं धरून बसलो.

१९३४ ते १९७५ अखेर: मॉरिशसचा रुपया १९३४ मध्ये पाउंडाला पक्का बांधला, एक रुपया म्हणजे दीड शिलिंग, म्हणजे पाउंडाला १३ पूर्णांक एक तृतीयांश रुपये. सेशेल्सचंही तेच. त्यामुळे या सगळ्या काळात दोघांचा आपसातला दर सरळ १. पाउंड पडला की दोघे बरोबर पडायचे, १९४९ ला पडले, नोव्हेंबर १९६७ ला पडले, जून १९७२ मध्ये पाउंड मोकळा सोडला तरी दोघे त्याच्याच शेपटीला. डॉलरमध्ये आकडा बदलतो, एकमेकांत बदलत नाही.

जानेवारी १९७६ ते ऑक्टोबर १९७९: इथे फाटाफूट. ५ जानेवारी १९७६ ला मॉरिशसने पाउंड सोडला आणि रुपया एसडीआरला बांधला. एसडीआर म्हणजे नाणेनिधीचं हिशोबाचं एकक, मोठ्या चलनांची मोळी समजा. दर होता ७.७१३७५९ रुपयांना एक एसडीआर. सेशेल्स मात्र पाउंडालाच १३.३३ ने चिकटून राहिलं. म्हणजे एक जण मोळीला, दुसरा पाउंडाला, आणि आपसातला दर रोज हलणारा. बऱ्याच ठिकाणी मॉरिशसचा रुपया १९७९ पर्यंत पाउंडाला बांधलेला होता असं लिहिलेलं सापडतं. त्यावर जाऊ नका, मी गेलो होतो, आणि चार वर्षांच्या सगळ्या नोंदी एकास एक धरून ताईंना पाठवूनसुद्धा दिल्या होत्या.

नोव्हेंबर १९७९ ते फेब्रुवारी १९८३: इथे दोघेही एसडीआरवर. मॉरिशसने ऑक्टोबर १९७९ मध्ये अवमूल्यन करून एसडीआरला १० रुपये केले, आणि सप्टेंबर १९८१ च्या शेवटी १२. सेशेल्सने नोव्हेंबर १९७९ मध्ये पाउंड सोडून एसडीआरला ८.३१९७ धरले आणि मार्च १९८१ मध्ये उलट आपला रुपया महाग केला, ७.२३४५. शेजारी पडतोय आणि हे चढतायत, त्यामुळे दर भराभर बदललाय.

फेब्रुवारी १९८३ नंतर: मॉरिशस वेगवेगळ्या चलनांच्या टोपलीवर गेलं, पुढे १९९४ मध्ये परकीय चलनावरची बंधनं उठवली. सेशेल्स आणखी काही वर्षं एसडीआरवर, मग १९९७ मध्ये तेही टोपलीवर, आणि १ नोव्हेंबर २००८ ला रुपया मोकळा सोडला. या काळासाठी पाठ करण्यासारखा आकडा नाही, महिन्यावार आकडेवारीच बघायची.

एक बरं आहे, या दोघांनी कधी चलनावरची शून्यं उडवून नवा रुपया काढला नाही. त्यामुळे हजाराचा एक करा वगैरे भानगड इथे नाही.

४. तिसऱ्या चलनावरून भागाकार

दोघांचा थेट दर नसला तरी दोघांचा एसडीआरशी किंवा डॉलरशी दर असतो. मग एका एसडीआरला मॉरिशसचे जेवढे रुपये, त्याला एका एसडीआरला सेशेल्सचे जेवढे रुपये त्याने भागा. उत्तर येतं ते सेशेल्सच्या एका रुपयाला मॉरिशसचे किती.

मे १९८० ची नोंद, पाठवले २००. १० भागिले ८.३१९७ म्हणजे १.२०२. दोनशेचे झाले साधारण २४०.

जून १९८१, पुन्हा २००. १० भागिले ७.२३४५, म्हणजे १.३८२. झाले २७६.

नोव्हेंबर १९८१, तेच २००. १२ भागिले ७.२३४५, १.६५९. झाले ३३१.७४.

भागाकार उलटा करायची चूक सगळ्यांची होते. म्हणून आधी १९७० ची एखादी नोंद त्याच सूत्रात घाला, उत्तर १ यायला पाहिजे, पण हे उलट्या भागाकारालाही १ च येतं हे मला नंतर कळलं, तेव्हा दुसरी चाचणी १९८० ची घ्या. तिथे सेशेल्सचा रुपया भारी होता, उत्तर १ पेक्षा मोठं आलं पाहिजे. ०.८३ आलं तर उलटं केलंय.

५. १९७६ ते १९७९, इथे घाई करू नका

या चार वर्षांत दोन वेगळ्या दोऱ्या आहेत, म्हणून डॉलरवरून जावं लागतं. मार्च १९७७ घेऊ. पाउंड १.७२ डॉलरच्या आसपास होता आणि एसडीआर १.१६ डॉलरच्या. सेशेल्सचे डॉलरला किती? १३.३३३३ भागिले १.७२, म्हणजे ७.७५. मॉरिशसचे किती? ७.७१३७५९ भागिले १.१६, म्हणजे ६.६५. आता ६.६५ ला ७.७५ ने भागा, ०.८५८. म्हणजे माहेवरून निघालेले २०० मॉरिशसला पोचेपर्यंत १७२ च्या आत.

१९७६ मध्ये पाउंड पहिल्यांदा दोन डॉलरच्या खाली गेला आणि वर्षभर घसरत राहिला. त्याची झळ सेशेल्सच्या रुपयाला बसली, मॉरिशसचा मोळीला बांधलेला असल्यामुळे त्यातून सुटला. सुताराला बिचाऱ्याला लंडनमध्ये काय चाललंय याच्याशी काय घेणंदेणं, पण घरी पोचणारे पैसे लंडनवरच ठरत होते.

या कप्प्यातली सगळ्यात वाईट जागा म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर १९७९ चे मधले दिवस. मॉरिशस १० वर गेलेलं आणि सेशेल्स अजून पाउंडावर. नोंद त्यात पडत असेल तर महिन्याची सरासरी चालत नाही, त्या दिवसाचा पाउंडाचा दर काढा.

६. टक्क्यांवरून दर काढू नका

जुन्या बातम्यांत अवमूल्यन टक्क्यांत असतं आणि तिथे फसायला होतं. १९७९ चं मॉरिशसचं अवमूल्यन कुठे ३० टक्के लिहिलंय, कुठे २३ टक्के. मला वाटलं दोन वेगवेगळी अवमूल्यनं झाली. तसं नाही. एसडीआर ७.७१ वरून १० झाला, म्हणजे एसडीआर जवळपास ३० टक्के महाग. रुपयाच्या बाजूने बघितलं तर त्याची किंमत २२.९ टक्के उतरली. घटना एक, बघायच्या बाजू दोन. १९८१ चंही तसंच, २० आणि १६.७.

आपल्याकडच्या लोकांना हे १९६६ वरून पटकन कळेल. जून १९६६ चं अवमूल्यन ३६.५ टक्के म्हणून सगळ्यांच्या तोंडी आहे, पण डॉलर ४.७६ वरून ७.५० झाला, म्हणजे डॉलर साडेसत्तावन्न टक्के महाग. टक्के दिसले की आधीचा आणि नंतरचा आकडा शोधा, टक्के सोडून द्या.

जाता जाता, कुणाच्या घरात मॉरिशसहून भारतात पैसे आल्याची नोंद असेल तर ६ जून १९६६ च्या आधी रुपयास रुपया धरा, आपलाही पाउंडाला १३.३३ च होता. त्यानंतर आपला पाउंडाला २१ झाला, म्हणजे तिकडच्या १०० चे इकडे १५७.५०. मग नोव्हेंबर १९६७ ला पाउंड पडला, मॉरिशस त्याच्याबरोबर पडलं, आपण पडलो नाही, पाउंड आपल्याला १८ ला आला आणि तिकडच्या १०० चे १३५ झाले. दीड वर्षातला हा चढउतार रत्नागिरी-सावंतवाडीकडच्या कुणाच्या कागदांत दिसला तर पोस्टाने पैसे खाल्ले असं समजू नका.

७. सरासरी की महिनाअखेर

आकडेवारीत एकाच महिन्याचे दोन रकाने दिसतील, एक त्या काळातली सरासरी, दुसरा शेवटच्या दिवसाचा. महिनाभर थोडं थोडं खर्च झालेलं असेल तर सरासरी, एका तारखेला पाठवलेली रक्कम असेल तर त्या तारखेच्या जवळचा. दोन्ही देशांसाठी एकच रकाना घ्या, एकाची सरासरी आणि दुसऱ्याची अखेर असं मिसळलं की उत्तर कुठेतरी भलतीकडे जातं.

वर्षाची सरासरी बांधलेल्या काळात एकदम छान चालते. १९६० ते १९६६ दोन्ही देशांचा डॉलरचा आकडा ४.७६, पाउंड पडल्यावर १९६८ पासून ५.५६, दशांशापर्यंत सारखे. पण ज्या वर्षी अवमूल्यन झालं त्या वर्षाची सरासरी घेऊ नका. १९७९ च्या सरासरीत दहा महिने जुने आणि दोन महिने नवे, त्या सरासरीच्या दराने त्या वर्षात कुणीही एक रुपयासुद्धा बदललेला नाही.

८. २००८ च्या आधीचा सेशेल्सचा दर कागदावरचा समजा

हे आमच्या वहीत लागलं नाही, पण तुमचं काम नंतरच्या काळाचं असेल तर हे फार महत्त्वाचं. सेशेल्सने बरीच वर्षं डॉलर साडेपाच रुपयांच्या आसपास धरून ठेवला होता आणि देशात डॉलरची टंचाई होती. २००५ मध्ये मॉरिशसचे डॉलरला साधारण २९.५, सेशेल्सचे ५.५, म्हणजे सेशेल्सच्या एका रुपयाला मॉरिशसचे पाचच्या वर. कागदावर. त्या दराने बँकेत डॉलर मिळायची मारामार होती आणि बाहेर तो बराच महाग जायचा. २००८ पर्यंत अधिकृत दर आठच्या आसपास आणला होता, नोव्हेंबरमध्ये मोकळा सोडल्यावर काही आठवड्यांत सोळाच्या घरात गेला. २००९ ची सरासरी घेतली तर आपसातला दर २.३५ च्या आसपास येतो. म्हणून त्या काळातल्या रकमेपुढे "अधिकृत दराने" एवढे दोन शब्द लिहाच. प्रत्यक्ष हातात काय आलं ते पावतीवरूनच कळेल.

९. ताळा घ्या आणि लिहून ठेवा

प्रत्येक उत्तरापुढे चार गोष्टी लिहा: कुठली तारीख, कुठल्या चलनावरून गेलात, कुठला रकाना, आकडा कुठून घेतला. मी पहिल्या आठवड्यात हे केलं नाही आणि दुसऱ्या आठवड्यात माझ्याच एक्सेलमधला ०.८७ कुठून आला ते मला सांगता येईना, सगळं पुसून परत केलं.

पलीकडच्या टोकाचा कागद मिळाला तर सोन्याहून पिवळं. ताईंच्या आईचं जुनं पासबुक निघालं, त्यात नोव्हेंबर १९८१ ला जमा ३२९,५०. माझं उत्तर ३३१.७४. सव्वादोन रुपयांचा फरक म्हणजे बँकेचं कमिशन आणि खरेदी-विक्रीतला फरक, एवढं चालतं. फरक दहा-वीस टक्के आला तर कप्पा चुकलाय किंवा तारीख चुकलीय, परत पायरी तीनवर जा.

आणि विनिमय दर काढला म्हणजे त्या पैशात काय यायचं हे कळलं असं नाही. त्यासाठी दोन्हीकडची महागाई वेगळी बघावी लागते, ते काम निराळं आहे, इथे घेत नाही.

ताईंच्या आई आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांचं वर्षानुवर्षं म्हणणं होतं की सुरुवातीला बरी वर्षं गेली, मग मधे नवरा घराला विसरला, पैसे कमी यायला लागले, आणि शेवटच्या दोन वर्षांत एकदम आठवण आली. मी एक्सेलचा तक्ता पाठवला, डावीकडे पाठवलेले, उजवीकडे पोचलेले. उजवीकडे २००, मग १७२, मग २४०, २७६, ३३२. डावीकडे १९७४ पासून शेवटपर्यंत प्रत्येक ओळीत २००. ताईंनी तो मोठ्या अक्षरात छापून आईला दिला. आईंनी म्हणे चष्मा लावून नुसता डावीकडचा रकाना बोटाने खालपर्यंत वाचत नेला, आणि विचारलं, ही वही इतके दिवस कुठे होती?